अनोळखी माणसासाठी वार ठरवा: रुग्णालयाच्या दारात मंडळीने काय करावं

परळला टाटा रुग्णालयाच्या आसपासचा फुटपाथ, पुण्यात ससूनचं आवार किंवा कुठल्याही जिल्ह्याच्या सिव्हिलच्या पायऱ्या, सकाळी सातला कुठेही जा. पेशंटला निदान खाट मिळालेली असते. सोबत आलेल्याला काहीच मिळालेलं नसतं. यवतमाळहून, बीडहून, थेट बिहार-बंगालहून आलेली ही माणसं. एका पिशवीत कपडे, दुसरीत फाइल, मोबाइलची बॅटरी संपत आलेली, आणि कुठल्या खिडकीवर उभं राहायचं ते कुणी नीट सांगत नाही.

त्यांच्यासाठी काही करावं असं वाटणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबासाठी, तरुण संघासाठी, महिला मंडळासाठी किंवा वसईकडच्या एखाद्या धर्मग्रामातल्या (पॅरिशमधल्या) चार जणांसाठी हे लिहितो आहे. दया कुठेही करता येते, पण सुरुवात रुग्णालयाच्या दारात करणं सोपं जातं. तिथे अनोळखी माणसं रोज असतात, त्यांची गरज लहान आणि स्पष्ट असते, आणि तुमच्या हातून काही झालं का ते तासाभरात कळतं.

शेताची कड आधीच सोडायची असते

आपल्याकडे दया बहुतेक वेळा मनात येईल तेव्हा होते. डिसेंबर लागला की नाताळच्या उत्साहात एकाच फुटपाथवर तीन-तीन मंडळ्यांची, म्हणजे तीन वेगवेगळ्या चर्चच्या लोकांची, ब्लँकेटं पोहोचतात. जूनमध्ये, डोक्यावर प्लॅस्टिक धरून माणसं बसलेली असताना, कुणी फिरकत नाही. मन आलं तेव्हा दिलेलं वाईट नसतं, पण ज्याला मंगळवारी रात्री गरज पडते त्याला आपल्या मनाचा काय उपयोग?

बायबलमधल्या लेवीय १९ मध्ये शेतकऱ्याला सांगितलंय की कापणी करताना शेताच्या कडेपर्यंत विळा नेऊ नकोस, पडलेल्या लोंब्या वेचू नकोस. त्या गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू दे. इथे शेतकऱ्याला त्या दिवशी कळवळा आलाय का, हे कुणी विचारत नाही. कड कुणासाठी सोडली तेही त्याला ठाऊक नसतं. पुढे त्याच रिवाजावर रूथ जगली, आणि ती मवाबी होती, परकी होती. शेतमालक बवाजाने तिची चौकशी नंतर केली. त्याच्या शेतात वेचायची सोय त्याआधीच होती. मला वाटतं मंडळीने नेमकं हेच करावं. आठवड्याचा एक वार, त्यातले दोन तास आणि एक ठरलेली रक्कम आधीच बाजूला काढायची. कोण येणार ते नंतर कळेल.

लूक १० कामाच्या यादीसारखं वाचा

चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपण इतक्यांदा ऐकलाय की त्यातलं काम आता दिसत नाही. लुटून अर्धमेला टाकलेल्या वाटसरूला टाळून याजक पुढे जातो, आणि यहुद्यांना परका वाटणारा शोमरोनी (समॅरिटन) माणूस थांबतो. यरुशलेमहून यरीहोला जाणारी वाट साधारण पंचवीस किलोमीटरची, आणि तेवढ्यात हजार मीटर खाली उतरणारी. उजाड घाट, लुटारूंची भीती. तिथे त्या माणसाने काय केलं ते मोजून बघा. जवळ गेला. जखमेवर तेल आणि द्राक्षारस ओतला, म्हणजे स्वतःजवळ होतं तेच वापरलं. पट्टी बांधली, आपल्या जनावरावर बसवलं, उतारशाळेत आणलं, रात्रभर बघितलं. दुसऱ्या दिवशी रखवालदाराला दोन दिनार दिले. दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी, म्हणजे रक्कम मोठी असली तरी अफाट नव्हती. जास्त खर्च झाला तर परत येताना देईन म्हणाला, आणि आपल्या कामाला निघाला.

हा निघून जाण्याचा भाग उपदेशात सहसा येत नाही. त्याने त्या जखमी माणसाला घरी आणलं नाही, जन्मभराची जबाबदारी घेतली नाही. काम एका रखवालदाराकडे सोपवलं, पैसे त्याच्या हातात दिले, परत येण्याचा शब्द दिला. खालच्या सगळ्या पायऱ्या मी याच क्रमातून काढल्या आहेत.

पहिले दोन आठवडे रिकाम्या हाताने जा

काही वाटायचं नाही. फक्त बघायचं. एकदा सकाळी ओपीडीच्या केसपेपरच्या रांगेत, एकदा दुपारी औषधाच्या दुकानासमोर, एकदा रक्तपेढीबाहेर, एकदा रात्री आठनंतर. चहावाल्याशी, सुरक्षारक्षकाशी, झाडूवाल्या मावशींशी बोला. कोण किती दिवसांपासून पडून आहे, हे त्यांना डॉक्टरांपेक्षा आधी माहीत असतं.

बोलण्याची सुरुवात कशी करायची, यावर थोडं थांबतो, कारण इथेच बहुतेकांची गाडी अडते. "तुम्हाला काही मदत हवी आहे का?" असं विचारलं की स्वाभिमानी माणूस "नको" म्हणतो. बरोबरच आहे, आपणही तेच म्हटलं असतं. त्याऐवजी लहान, नेमकं विचारा. "काका, मी चहा आणायला चाललोय, तुमच्यासाठी एक आणू?" "ताई, फोन चार्ज करायचाय का? माझ्याकडे पॉवर बँक आहे." "मावशी, तुम्ही आंघोळ करून या, पिशवीजवळ मी बसते." गाव कोणतं हे विचारायला हरकत नाही, गावाचं नाव निघालं की माणूस सैल होतो. आजार कोणता ते विचारू नका. सांगायचं असेल तर ते आपणहून सांगतील, आणि बहुतेक वेळा सांगतातच. हिंदी किंवा बंगाली बोलणारा कुणी सोबत असेल तर सोनं. टाटाच्या आसपास तर मराठी येत नसलेलीच माणसं जास्त भेटतील.

याच दोन आठवड्यांत लक्षात येईल की जेवणाची गरज तुम्हाला वाटत होती तेवढी पहिल्या नंबरावर नाही. अनेक मोठ्या रुग्णालयांबाहेर कुणी ना कुणी अन्न वाटत असतं. नसतं ते दुसरंच. फॉर्म वाचून भरून देणारं कुणी, झेरॉक्सचं दुकान दाखवणारं कुणी, आणि नातेवाईक दोन तास झोपू शकेल म्हणून पेशंटजवळ बसणारं कुणी.

समाजसेवा अधीक्षकांना भेटा

सरकारी आणि मोठ्या रुग्णालयांत या नावाचं पद असतं, त्यांचा विभाग असतो. तिथे जा, आपण कोण, किती जण, कुठल्या वारी येणार ते सांगा, आणि विचारा: इथे काय कमी पडतं? त्यांच्या परवानगीशिवाय वॉर्डात शिरू नका. संसर्गाचा धोका असलेल्या पेशंटजवळ बाहेरची गर्दी नको असते, आणि कर्करोगाच्या पेशंटची प्रतिकारशक्ती उपचारांमुळे आधीच खाली गेलेली असते.

याच विभागाकडून तीन गोष्टी समजून घ्या, कारण माहिती ही सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत टिकाऊ मदत आहे.

एक, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण मिळतं. योजनेतल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसतात, आणि १५५३८८ या क्रमांकावर माहिती मिळते. खरी अडचण कागदांची असते. रेशनकार्ड गावी, पेटीत राहिलेलं असतं. अशा वेळी घरच्यांना फोन लावून कार्डाचा फोटो मागवून घ्या, आरोग्यमित्रांना दाखवा, आणि मूळ कार्ड कुणाबरोबर कधी येईल ते ठरवून टाका. या एका फोनने कित्येकदा हजारोंचा प्रश्न सुटतो.

दोन, धर्मादाय रुग्णालयं. महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासांच्या कायद्याखाली येणाऱ्या अशा रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. हे ठाऊक नसल्यामुळे माणसं दागिने गहाण टाकतात.

तीन, राहण्याची सोय. मुंबईत दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा कर्करोगाच्या पेशंट-नातेवाइकांना कधीपासून आसरा देत आली आहे. लहान मुलांना कर्करोग असेल तर सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स कुटुंबाला मोफत राहायला जागा देतात. ते काम २००६ साली मुंबईत सुरू झालं. अशा ठिकाणी सहसा रुग्णालयाचं पत्र लागतं, म्हणून आधी समाजसेवा विभाग, मग धर्मशाळा. पत्ते, वेळा आणि लागणारे कागद एका पानावर मोठ्या अक्षरात लिहून त्याच्या झेरॉक्स जवळ ठेवा. आणि हो, परक्याची सोय बघण्यात गाडगेबाबांची माणसं आपल्या कितीतरी पुढे आहेत, हे मंडळीत मोकळेपणाने सांगायला काही हरकत नाही. येशूनेही दाखल्यातला नायक म्हणून याजक निवडला नव्हता.

दोघं-दोघं जा

मार्क ६:७ मध्ये येशूने शिष्यांना दोघं-दोघं पाठवलं. १८३३ मध्ये पॅरिसला सुरू झालेली सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी आजही घरभेटीला जोडीनेच जाते. कारण साधं आहे: एकटा माणूस भारावून जातो, फसतो, नाहीतर आठवडाभरात कंटाळतो. जोडीत एक बाई असावी. रात्रीच्या फेरीला तर दोघांपैकी एकानेही एकट्याने थांबू नये. चार जण असतील तर दोन जोड्या, एकाआड एक आठवडा. यापेक्षा जास्त सुरुवातीला मागू नका. मंडळीत नाव नोंदवणारे पंधरा निघतील आणि तिसऱ्या आठवड्याला तिघं उरतील. त्या तिघांवरच योजना आखलेली बरी.

एक वही ठेवा. तारीख, कोण गेलं, काय केलं, पुढच्या जोडीने काय बघायचं. पेशंटचं पूर्ण नाव आणि आजार लिहू नका. "तिसरा मजला, परभणीचे आजोबा, शुक्रवारी रिपोर्ट" एवढं पुरतं. स्वतःचा नंबर प्रत्येकाने वाटत सुटू नका. मंडळीचा एकच नंबर द्या आणि तो उचलण्याच्या वेळा सांगा.

पैसा रखवालदाराकडे

हातात रोख पैसे देऊ नयेत, हा माझा ठाम आग्रह. कारण संशय नाही. एकाला दिले की उरलेल्या पन्नासांसमोर त्याला आणि तुम्हालाही उभं राहणं कठीण होतं. शोमरोन्यासारखं करा: जवळची एक खानावळ, एक चहावाला, एक औषधाचं दुकान आणि एक झेरॉक्सवाला गाठा. खानावळीला आगाऊ रक्कम देऊन आकडे घातलेली कुपनं छापा. कुपनावर वचन, क्रूस, मंडळीचं नाव काही नको. ते घेऊन खानावळीत शिरणारा माणूस बाकी गिऱ्हाइकांसारखाच दिसला पाहिजे. महिन्याला हिशेब करा. औषधाची चिठ्ठी असेल तर दुकानदाराला पैसे द्या, पावती पेशंटच्या फाइलमध्ये लावा.

रकमेची मर्यादा आधी ठरवा: एका कुटुंबामागे कमाल किती, महिन्याला एकूण किती. शस्त्रक्रियेचे लाखो रुपये तुमच्याकडून होणार नाहीत. ते सरळ सांगा आणि योजनेचा रस्ता दाखवा. "बघतो, प्रार्थना करतो" असं म्हणून कुणाला लटकत ठेवणं हे नाही म्हणण्यापेक्षा क्रूर आहे. याकोब २:१५-१६ मध्ये उघड्या-उपाश्याला काही न देता 'ऊब घ्या, पोट भरा' एवढंच म्हणणाऱ्याला टोला आहे, तो अशाच बोलण्याला.

जेवण स्वतः करून नेणार असाल तर पोळी-भाजी न्या, सांडत नाही. शाकाहारीच ठेवा, आणि शिजल्यापासून तीन-चार तासांत संपवा. पेशंटला देऊ नका, त्याचं पथ्य असतं. गुरुवार, एकादशी, रमजान यांची आठवण ठेवा. रोजा असलेल्याला दुपारी डबा पुढे करण्यापेक्षा संध्याकाळी खजूर आणि पाणी घेऊन या.

रक्त आणि प्लेटलेट

अनोळखी माणसाला देण्यासारखी यापेक्षा सरळ वस्तू नाही, कारण घेणारा कोण ते तुम्हाला कळतही नाही. मत्तय ६ मध्ये डाव्या हाताला उजव्याचं कळू नये असं म्हटलंय, ते इथे आपोआप साधतं. १८ ते ६५ वयाचा, किमान ४५ किलो वजनाचा निरोगी माणूस रक्त देऊ शकतो. पुरुषाने तीन महिन्यांनी, बाईने चार महिन्यांनी. पण मंडळीत वर्षातून एकदा शिबिर घेऊन चाळीस बाटल्या एका दिवशी देण्यापेक्षा दहा जणांची यादी रक्तपेढीकडे देऊन ठेवणं मला जास्त उपयोगाचं वाटतं. प्लेटलेट जेमतेम पाच दिवस टिकतात, त्यामुळे कर्करोगाच्या रुग्णालयात त्यांची टंचाई सणासुदीला आणि सुट्ट्यांत हमखास होते. यंत्रावर प्लेटलेट द्यायला तास-दीड तास लागतो, वजन ५० किलोच्या वर असावं लागतं, आणि दात्याला त्या महिनोन्‌महिने थांबावं न लागता पुन्हा देता येतात. दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत गावी न जाणारी तरुण पोरं मंडळीत कोण आहेत, ते पाहून ठेवा.

मृत्यू झाला तर

याबद्दल कुणी आधी सांगत नाही, आणि नेमकं इथेच परक्या शहरात माणूस पूर्ण एकटा पडतो. रात्री अडीचला पेशंट गेला. सोबत एकटी बायको, गाव सहाशे किलोमीटरवर. तुम्ही काय कराल?

आधी तिच्याजवळ बसा आणि गावाकडे कुणाला फोन करायचा ते विचारा. फोन तिनेच करावा असं नाही. ती म्हणाली तर तुम्ही बोला. मग कागद: रुग्णालय मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र देतं. अपघात, भाजणं किंवा विषबाधा असेल तर पोलिसांचा पंचनामा आणि शवविच्छेदन होईपर्यंत मृतदेह मिळत नाही. हे कुणीतरी शांतपणे समजावून सांगायला हवं, नाहीतर घरच्यांना वाटतं अडवून धरलंय. शववाहिनीचं भाडं रात्री तोंडाला येईल ते सांगितलं जातं, म्हणून दोन-तीन चालकांचे दर आधी विचारून वहीत ठेवा आणि बोलणी तुम्ही करा. मृत्यू रुग्णालयात झाला असेल तर नोंदणीची कळवणूक रुग्णालय करतं, पण दाखला सहसा त्या शहराच्या पालिकेतून काढावा लागतो. तो कुठल्या कार्यालयातून मिळेल, कुठले कागद लागतील ते कागदावर लिहून त्या बाईच्या भावाच्या हातात द्या. विम्याला, बँकेला, वारसनोंदीला तो लागतो, आणि त्यासाठी परत सहाशे किलोमीटर यावं लागलं तर फार वाईट होतं. मंडळीतला एखादा निवृत्त कारकून या कामाला लावा. असे लोक आपल्याकडे भरपूर असतात आणि त्यांना सहसा फक्त खुर्च्या मोजायला सांगितलं जातं.

अंत्यविधी त्यांच्या रीतीने होईल. तुम्ही डोकं झाकून मागे उभे राहा.

पत्रकं नकोत, फोटो नकोत

पत्रकं घरी ठेवा. ताटाबरोबर दिलेलं पत्रक घेणाऱ्याला नाही म्हणता येत नाही, म्हणून ते देऊ नये. आजच्या वातावरणात संशय येतो हे खरं आहे, पण संशय नसता तरी मी हेच सांगितलं असतं. ज्याला सूर्योदयाआधी रांगेत उभं राहायचंय त्याच्या भुकेचा उपयोग करून घेणं सुवार्तेला शोभत नाही.

याचा अर्थ लपायचं असा नाही. "तुम्ही कोण? कशाला करता हे?" असं विचारलं जाईलच. तेव्हा सरळ सांगा: "आम्ही ख्रिस्ती आहोत, पलीकडच्या चर्चचे. येशूने सांगितलंय म्हणून येतो." पुढे विचारलं तर पुढे बोला, नाही तर चहा प्या. प्रार्थना करू का, हे एकदाच विचारा. हो म्हटलं तर अर्ध्या मिनिटात, हळू आवाजात करा. बरं होण्याची हमी देऊ नका. औषध थांबवा असं सुचवणारा कुणी तुमच्या गटात असेल, तर त्याला त्याच दिवशी घरी पाठवा. यात दुसरी संधी नाही.

फोटो अजिबात नकोत. पाळकसाहेबांना अहवालात हवेत असतील तर वहीतले आकडे द्या.

फसवणारे भेटतील

एकच चिठ्ठी घेऊन तीन मंडळ्यांकडे फिरणारा भेटेल. त्याच्यामुळे काम थांबवू नका, त्याला चोर म्हणून हिणवूही नका. पैसे दुकानदाराकडे जात असले की त्याचा धंदा आपोआप आटोपतो. काही लोक तुमच्या हातचं घेणार नाहीत, जातीमुळे किंवा धर्मामुळे. कुपन टेबलावर ठेवा आणि पुढे व्हा.

येता-जाता रस्त्यावर अपघात दिसला तर थांबायला घाबरू नका. १०८ किंवा ११२ लावा. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४अ आलं, आणि सद्‌हेतूने मदत करणाऱ्याला दिवाणी-फौजदारी कारवाईपासून संरक्षण मिळालं. नाव-पत्ता देण्याची सक्तीही करता येत नाही. त्या कलमाचा मथळाच दाखल्यातल्या शोमरोन्याच्या नावाने आहे.

त्यांच्याकडूनही घ्या

योहान ४ मध्ये येशूनेच त्या शोमरोनी बाईकडे पाणी मागितलं. देणारा नेहमी आपणच असलो की समोरचा कायम लहान राहतो. कुणी पिशवीतली भाकरी-ठेचा पुढे केला तर बसून खा. बीडचे काका पुढच्या वेळी नवीन माणसाला खिडकी क्रमांक दाखवत असतील, तर त्यांना ते करू द्या, आणि तुम्ही दुसरं काम बघा. केमोथेरपीसाठी दर तीन आठवड्यांनी येणारे नातेवाईक हे तुमचे सगळ्यांत चांगले सोबती होतात. त्यांच्याइतकं ते आवार कुणाला कळत नाही.

तीन महिन्यांनी समाजसेवा अधीक्षक, खानावळवाला आणि चहावाला यांना वेगवेगळं विचारा: काय चालू ठेवावं, काय बंद करावं? तुमचं ब्लँकेटवाटप नको असं ते म्हणाले तर बंद करा. मग शेजारच्या मंडळीकडे वही घेऊन जा. मेथडिस्ट असो, सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) असो, पलीकडचं कॅथलिक धर्मग्राम असो, शिकवणुकीच्या वादात शिरू नका. तुमचा बुधवार असेल तर त्यांच्याकडे शनिवार मागा, कारण शनिवारी दुपारनंतर ओपीडी बंद असते आणि सोमवारपर्यंत थांबलेल्या माणसांकडे तेव्हा सर्वांत जास्त रिकामा वेळ आणि सर्वांत कमी पैसे असतात.